उतारावरचा चौक

गेल्या रविवारी सकाळी उठले तेव्हा हिवाळ्याच्या वेळेसाठी घड्याळं एक तास मागे गेली होती. मोबाइल आपले आपण शहाणे होतात, पण स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ मला स्टुलावर चढून मागे करावं लागतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारचं हे काम दर वर्षी माझ्याकडेच असतं. काटा फिरवताना हल्ली एकच मनात येतं, की तासच कशाला, दोन वर्षं मागे जायची सोय हवी होती. मग स्वतःचाच राग येतो. मागे जाऊन तू काय दिवे लावणार होतीस, तीच जीभ आणि तीच घाई घेऊन गेली असतीस ना, असं मीच मला सुनावते आणि स्टूल जागेवर ठेवते.

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नला येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. इथले लोक गावाला नुसतं लाउटर्न म्हणतात, म्हणून आम्हीही. गाव जंगलाला टेकून बसलंय. ऑक्टोबरात आठ-दहा दिवस झाडं अशी रंगतात की ऑफिसला जाताना गाडी थांबवावीशी वाटते, आणि मग एका पावसात सगळं खाली. फुटपाथवर पानांचा लगदा होतो. आमच्या इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर पाठीवर पानं उडवायचं यंत्र अडकवून सकाळीच घरघर सुरू करतो, आणि संध्याकाळपर्यंत पानं होती तिथे परत. हीटर पहिल्यांदा चालू केला की तापलेल्या धुळीचा वास येतो. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. धुकं असं पडतं की समोरच्या बाल्कनीतल्या बाईंचा दिवा दिसतो, बाई दिसत नाहीत. पाच-साडेपाचला अंधार. ऑफिसातल्या बायका म्हणतात, मेणबत्त्या लाव, गरम वाइन पी, छान वाटतं. मला नाही वाटत.

आमच्या पॅसेजमध्ये, कोट टांगायच्या हुकांच्या वर, एक फोटो होता. इटलीतल्या सिएना नावाच्या जुन्या गावातला चौक, तिथल्या उंच मनोऱ्यावरून मी काढलेला. खाली लालसर विटांचं मोठं मैदान, हातपंखा उघडून ठेवावा तसं पसरलेलं आणि एका बाजूला उतरत गेलेलं. विटांवर इकडेतिकडे माणसं बसलेली. त्यात माझे बाबा चक्क आडवे झालेत. डोक्याखाली दुमडलेलं जाकीट, हात पोटावर. शेजारी आई मांडी घालून बसलीय आणि वर बघून हात हलवतेय. घरी येणारा प्रत्येक जण बूट काढताना तो फोटो बघायचा आणि हसायचा. काका काय निवांत पडलेत, असं जगता आलं पाहिजे, असं गणपतीला आलेले एक जण म्हणाले होते. पहिले काही महिने मीही हसायचे.

यंदा आई एकटी आलीय. व्हिसा नव्वद दिवसांचा, त्या रविवारी त्यातले अडतीस उरले होते. दिवाळीच्या चकल्या झाल्या, तळणीच्या धुराने स्मोक अलार्म दोनदा वाजवून झाला, शेजारच्या आजींना लाडूचा डबा देऊन झाला. रोज सकाळी मी विचारायची, बरी आहेस ना, आणि रोज ती म्हणायची, मला काय धाड भरलीय. मी तिच्या पायांची सूज बघायची, गोळ्यांच्या डबीचे कप्पे तपासायची, जिना चढताना ती कुठे थांबते ते मागून बघायची. ती परत जायच्या आधी मला एवढंच कळायला हवं होतं, की ती खरोखर बरी आहे की मला तसं दाखवतेय. कारण एकदा मी फसले होते, आणि ज्यांनी फसवलं त्यांना आता विचारता येत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आई आणि बाबा दोघंही आले. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. उभी नोकरी सातारा जिल्ह्यातले रस्ते आणि मोऱ्या बांधण्यात गेली. कराडहून निघताना त्यांनी मोजायची टेप सुटकेसमध्ये टाकली होती, ती आईने विमानतळावर काढून माझ्या भावाकडे दिली म्हणे. इथे किल्ला बघायला नेलं की ते किल्ल्याच्या वाटेवरची गटारं बघायचे. पाणी कुठून येतं, कुठे जातं, चढावर दगड कसा बसवलाय. मी मात्र ते यायच्या आधीच एक्सेलमध्ये तक्ता करून ठेवला होता, शनिवार-रविवार वेगवेगळ्या रंगांनी भरून. ऱ्हाइन, हायडलबर्ग, स्ट्रासबुर्ग, आणि ऑक्टोबरात शाळेला सुट्टी लागली की इटली. आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत असंच चालतं. आई-बाबा आले की त्यांना युरोप दाखवायचा. त्यांनी आपल्यासाठी एवढं केलं, आपण त्यांना हे दाखवायचं, आणि मग ते फोटो तिकडच्या सगळ्या ग्रुपांवर गेले की आपल्याला जरा बरं वाटतं. त्यांना बघायचंय का, हे कोणी विचारत नाही. मी तरी कुठे विचारलं.

बाबांना खरं तर जंगलच आवडलं होतं. या भागात खायचे चेस्टनट खूप. ऑक्टोबरात झाडाखाली काटेरी गोळे फुटून पडलेले असतात आणि लोक पिशव्या घेऊन वेचतात. बाबा रोज सकाळी फिरायला जायचे आणि जाकिटाचे दोन्ही खिसे भरून आणायचे. बोटांना काटे रुतलेले असायचे, ते आई चष्मा लावून सुईने काढत बसायची. मग कुकरला दोन शिट्ट्या. आई म्हणायची शिंगाड्यासारखं लागतंय, म्हणजे उपासाला चालायला हरकत नाही. बाबा म्हणायचे, आधी उपास कर, मग विचार. इरा, माझी मुलगी, तेव्हा अकराची होती. ती आजोबांशी जर्मनमध्ये बोलायची आणि आजोबा तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं कधी काही अडलं नाही. महिनाभर तसंच चालू दिलं असतं तर बिघडलं काय असतं, असं आता वाटतं.

त्याच वेळी आमच्या घरात एक लपवाछपवी चालली होती. विनयची, माझ्या नवऱ्याची, नोकरी ऑगस्टमध्ये गेली होती. गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी. विभागच्या विभाग बंद केला. त्याला क्युंडिगुंग, म्हणजे काढून टाकल्याचं पत्र मिळालं, आणि सप्टेंबरपासून यायचीही गरज नाही म्हणाले. आई-बाबांचं विमान नेमकं त्याच आठवड्यात. विनय म्हणाला, सांगून टाकूया. मी म्हटलं, अजिबात नाही, जावई घरी बसलाय म्हटल्यावर बाबांना झोप लागणार नाही. मग रोज सकाळी पावणेआठला तो इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन, बॅग अडकवून निघायचा. गाव लहान, कॅफेत बसलं तर कोणीतरी ओळखीचं भेटायचं, म्हणून जंगलाच्या कडेच्या पार्किंगमध्ये गाडी लावून आतच बसायचा आणि नोकरीचे अर्ज लिहायचा. संध्याकाळी आला की बाबा विचारायचे, काय विनयराव, आज कसं होतं काम. तो म्हणायचा, नेहमीचंच. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा. राग कोणावर काढायचा ते कळायचं नाही, म्हणून भांड्यांवर निघायचा.

इटली रद्द करूया, असं तो एकदा हळूच म्हणाला. मी म्हटलं, आता रद्द केलं तर त्यांना संशय येईल.

गेलो. हजारएक किलोमीटर, मध्ये कोमोजवळ एक मुक्काम. बाबा पुढच्या सीटवर. दर तासाने ते म्हणायचे, जरा थांबूया का, पाय मोकळे करू. पहिल्या दोन वेळा थांबलो. तिसऱ्या वेळी म्हटलं, बाबा, असं थांबत राहिलो तर पोचायचो कधी. त्यानंतर ते थांबूया म्हणाले नाहीत. आल्प्समधला लांबलचक बोगदा संपेपर्यंत त्यांनी दाराच्या वरचा दांडा धरून ठेवला होता. मला वाटलं, बोगद्यात जीव घाबरतोय. पाठ धरलीय जरा, एवढं ते म्हणाले, आणि आईने मागून त्यांना उशी दिली.

सिएनाच्या जुन्या गावात गाडी जात नाही. खाली लावायची आणि वर चालत जायचं. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना उंच, विटकरी, बंद खिडक्यांची घरं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, पाऊस मात्र नव्हता. थंडी अशी, की उघडपणे बोचत नाही, हळूहळू हाडात शिरते. एका कमानीखालून चार पायऱ्या उतरलो आणि एकदम समोर तो चौक. एवढ्या अंधाऱ्या गल्ल्यांच्या पोटात एवढी मोकळी जागा असेल असं वाटतच नाही. अर्धवर्तुळात जुनी घरं, खाली टोकाला नगरपालिकेचा वाडा आणि त्याचा तो उंच मनोरा. मधल्या जमिनीवर विटा माशाच्या काट्यासारख्या तिरक्या लावलेल्या, आणि फिकट दगडाच्या पट्ट्यांनी तिचे नऊ भाग केलेले. उन्हाळ्यात इथे घोड्यांची शर्यत होते, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा कारंज्याच्या कठड्यावर कबुतरं होती, काही विद्यार्थी होते आणि कॅफेवाले रिकाम्या खुर्च्यांवर ब्लँकेटं घालत होते. मी मनाशी म्हटलं, हेच ते. यासाठीच आणलं यांना. आणि मला काहीच वाटलं नाही. डोक्यात विनयचा सकाळपासून गप्प झालेला चेहरा होता.

बाबा उतारावर खाली बसले. हात टेकून, सावकाश, आधी एक गुडघा मग दुसरा. बसल्यावर तळहात विटांवर फिरवला. उतार किती नेमका दिलाय बघ, ते म्हणाले. चारी बाजूंचं पाणी त्या तिथे खालच्या जाळीत जात असणार, एक थेंब कुठे थांबणार नाही, आणि चालणाऱ्याला कळणारही नाही की आपण उतरतोय. साडेसहाशे-सातशे वर्षांपूर्वीचं काम आहे म्हणजे बघ. मी घड्याळ बघत होते. मनोऱ्याची तिकिटं मी आधीच काढली होती, सव्वातीनची वेळ होती, आणि उशीर झाला तर आत सोडत नाहीत. मी म्हटलं, बाबा, चला. ते म्हणाले, तुम्ही जाऊन या, मी इथूनच बघतो. आईही म्हणाली, मी बसते यांच्यापाशी.

तेव्हा माझी जीभ सुटली. "हजार किलोमीटर आणलं ते खाली बसायला का बाबा? बसायचंच होतं तर कराडच्या घाटावर बसायचं होतंत."

हे मी मोठ्याने बोलले. शेजारच्या विद्यार्थ्यांनी वळून बघितलं. बाबा वर मनोऱ्याकडे बघत राहिले, जसं काही मी त्याच्याबद्दलच काहीतरी सांगत होते. विनयने माझ्या दंडाला धरलं आणि इराला पुढे घालून आम्ही निघालो.

चारेकशे पायऱ्या असतील. जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. चढताना माझा राग उतरत गेला, तशी लाज चढत गेली. म्हटलं, खाली गेल्यावर त्यांच्यासाठी कॉफी घ्यायची, गोड काहीतरी घ्यायचं. माफी मागायची असं मनात आलं नाही. आमच्या घरात माफी मागत नाहीत, खायला देतात. वर वारा होता. इरा कठड्याला लागून टेकड्या बघत होती. विनय माझ्याजवळ आला आणि फोन दाखवला. सकाळी आणखी एका ठिकाणचा नकार आला होता, कायझर्सलाउटर्नमधल्या शेवटच्या आशेचा. तो म्हणाला, आता काय करायचं कळत नाही. त्याचे डोळे भरले होते. मी खाली बघितलं तर चौकात आई आमच्याकडे बघून हात हलवत होती.

"आत्ता नको," मी म्हटलं. "ते बघतायत. हस."

तो हसला. मीही हसले, हात हलवला, आणि मग दिसलं की बाबा विटांवर आडवे झालेत. मला खरंच हसू फुटलं. म्हटलं, बघ, रागावले नाहीत, ताणून दिलीय मस्त. फोन पुढे धरून फोटो काढला. उतरून आलो तेव्हा बाबा उठून बसले होते. मी आणलेली कॉफी त्यांनी दोन्ही हातांत धरली, पण प्यायले नाहीत. इरा माझ्या कानाशी येऊन जर्मनमध्ये म्हणाली, आजोबा थरथरतायत. मी म्हटलं, थंडी आहे ना बाळा. संध्याकाळी जेवायला बसलो, तर बाबांनी पास्ता इकडचा तिकडे केला आणि अर्धा पाव खाल्ला. आई म्हणाली, त्यांना मैदा सोसत नाही. तिथूनच मी तो फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकला.

डिसेंबरच्या सुरुवातीला ते परत गेले. जानेवारीत विनयला नोकरी लागली. फेब्रुवारीत बाबा गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं, घरात फक्त चपलांचा ढीग आणि हलक्या आवाजातली माणसं. येणारे म्हणत, शेवटचं वर्ष सोन्यासारखं गेलं बघ त्यांचं, तू सगळं दाखवलंस. एक मावशी तो फोटो मोबाइलवर काढून सगळ्यांना दाखवत होत्या. दहाव्याच्या आदल्या दिवशी दाखल्यासाठी त्यांचं आधार कार्ड हवं होतं, म्हणून कपाट उघडलं तर साड्यांच्या खाली एक फाईल सापडली. प्रोस्टेटचा कॅन्सर, मणक्यात उतरलेला, उपचार ताबडतोब सुरू करावेत असं लिहिलेलं. तारीख ऑगस्टची. म्हणजे ते विमानात बसायच्या आधीची.

परदेशातल्या पोरांना वाईट बातमी सांगायची नाही, असं आपल्याकडे ठरूनच गेलंय. उगाच तिकडे जिवाला घोर कशाला. शेजारचे वारले तरी महिन्याने सांगतात. आणि आम्ही तरी काय निराळे. इकडे नोकऱ्या जातात, घरं मोडायला येतात, आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आम्ही मागची भिंत नीटनेटकी दिसेल असा फोन लावून बसतो. दोन्हीकडून ठीक आहे, ठीक आहे. मी ती फाईल होती तशी साड्यांखाली ठेवली. आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि त्या उत्तरात तो चौक आला असता. फोटो मी भिंतीवरून काढला नाही, कारण का काढला असं विनयने विचारलं असतं. असे दोन हिवाळे गेले.

आणि आता हा तिसरा. एक नोव्हेंबरला इथे सुट्टी असते. लोक आपल्या माणसांच्या कबरींवर लाल काचेतले दिवे लावून येतात. आमच्या खिडकीतून स्मशानाकडे जाणारा रस्ता दिसतो. दुपारपासून माणसं चालली होती, म्हातारी जोडपी, हातात झाडाची कुंडी आणि पिशवीत दिवे. पानं ओली होऊन रस्त्याला चिकटली होती. विनय इराला मैत्रिणीकडे सोडायला गेला होता. मी चहा केला आणि सोफ्यावर आईच्या शेजारी येऊन बसले. हे लोक कुठे चाललेत, तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आपली सर्वपित्री.

"शुभा, तो फोटो काढतेस का गं तिथून?" ती म्हणाली. "जाता-येता दिसतो."

का, म्हणून मी विचारलं. मला माहीत असल्यासारखं होतं तरी विचारलं.

"निवांत नव्हते पडले ते. बसवेना म्हणून आडवे झाले."

मग ती सांगत गेली, माझ्याकडे न बघता. आम्ही मनोऱ्याच्या दाराआड जाईपर्यंत त्यांनी धीर धरला. नंतर म्हणाले, मला आडवं कर. एवढ्या थंडीत कपाळावर घाम. ती म्हणाली, बोलावू का तिला, तर नको म्हणाले. विटा गार होत्या, त्याने पाठीला जरा बरं वाटलं त्यांना. थोड्या वेळाने वर इराची लाल टोपी दिसली. बाबा म्हणाले, हात दाखव तिला, हसून दाखव, नाहीतर धावत खाली येईल, एवढ्या पायऱ्या आहेत. म्हणून तिने हात हलवला. उपचार लांबणीवर टाकून आले होते, तिकिटं काढली होती म्हणून आणि इराला डोळे भरून बघायचं होतं म्हणून. परत गेलो की करू म्हणाले होते.

मी ठरवलं नव्हतं, पण माझ्या तोंडून निघून गेलं की आई, तेव्हा विनयची नोकरी गेलेली होती. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"माहीत होतं आम्हाला."

बाबांनी पाहिलं होतं. चेस्टनट वेचायला ते एकदा लांबवर गेले, तर झाडाखाली आपली गाडी उभी. आत विनय, मांडीवर लॅपटॉप आणि डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं. बाबा तिथूनच मागे वळले, आणि दुसऱ्या दिवसापासून फिरायला स्टेशनच्या बाजूला जायला लागले. आईला म्हणाले, काही बोलू नकोस, माणूस शर्टाला इस्त्री करून निघतोय, आपण त्याची घडी मोडायची नाही. इटलीला त्यांना जायचं नव्हतं. गाडीत एवढं बसणं होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण नाही म्हटलं तर जावयाला वाटेल, आपली परिस्थिती यांना कळली, म्हणून तेही म्हणाले नाहीत.

आल्झो, म्हणजे तर मग, असं होतं ते. विनयला जायचं नव्हतं, बाबांना जायचं नव्हतं, आईचा जीव टांगणीला लागलेला, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या दिवसांत अंथरुणातून उठायचं नव्हतं. कुणालाच जायचं नव्हतं आणि सगळे गेलो, एकमेकांना बरं वाटावं म्हणून. जगभरातून माणसं जो चौक बघायला येतात, तो आमच्यातल्या कोणीही धड बघितला नाही. बाबांनी तेवढा बघितला, हाताने.

मग मी ते विचारलं, जे दोन वर्षं विचारलं नव्हतं. मी त्यांना तिथे बोलले होते, घाटावर बसायचं होतंत म्हणून. त्यांना लागलं का गं ते?

मला काय ऐकायचं होतं ते मला माहीत होतं. छे गं, त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हतं, तुझा स्वभाव त्यांना ठाऊक नव्हता का. एवढं म्हणायला आईला काहीच कष्ट नव्हते. आयुष्यभर तिने असंच सगळ्यांचं सांभाळून घेतलंय. ती खिडकीबाहेर बघत बसली. खालून कोणीतरी कुंडी सावरत चाललं होतं.

"लागलं," ती म्हणाली. "म्हणून जेवले नाहीत त्या दिवशी."

मी मान खाली घातली. फार दुखलं. पण त्याबरोबर हेही कळलं, की आत्ता, या सोफ्यावर, आई पहिल्यांदाच माझ्याशी खोटं बोललेली नाही. हे लगेच विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारता येणार नाही, असं वाटलं.

"आणि तू?" मी म्हटलं. "तू बरी आहेस?"

तिने पदराने चष्मा पुसला, परत लावला, पुन्हा काढला. नेहमीचं उत्तर आता येईल म्हणून मी थांबले. ते आलं नाही.

"मला डाव्या डोळ्याने दिसत नाही," ती म्हणाली. "होळीपासून. काचबिंदू. गेली ती नजर परत येत नाही म्हणाले."

दोन महिने मी तिचे पाय बघत होते, गोळ्या बघत होते, दम बघत होते. चेहऱ्याकडे नीट बघितलंच नव्हतं. आत्ताही मी तिच्या डाव्या हाताला बसले होते, आणि एवढा वेळ ती माझ्याकडे न बघता बोलत होती ते मला रागाचं वाटलं होतं, दुःखाचं वाटलं होतं. मी उठले. सोफ्याला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

तिने मान वळवली.

"आता दिसलीस," ती म्हणाली.